फित्र्याचा हिशेब मुलांकडे द्या

रमजानचे वेळापत्रक बहुतेक घरांत फ्रीजवर नाहीतर स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेले असते. एका रकान्यात सहेरी संपण्याची वेळ, दुसऱ्या रकान्यात इफ्तारची. वेळापत्रक पुण्याच्या वेळेचे असेल तर बारामतीत त्यातून काही मिनिटे वजा करायची, इंदापुरात आणखी एखाद-दोन. किती वजा करायची हे घरातल्या मोठ्यांना पाठ असते. का वजा करायची, असे विचारले की अनेकांची गाडी अडते.

हा प्रश्न पाचवी-सहावीतल्या मुलाकडे सोपवून पाहावा. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात, हे त्याने भूगोलात वाचलेले असते. नकाशाची वही काढली की दिसते, बारामती पुण्याच्या पूर्वेला पाऊण रेखांशाच्या आतबाहेर आहे आणि इंदापूर एक रेखांशाहून थोडे जास्त. म्हणजे बारामतीचा सूर्य पुण्याच्या साधारण तीन मिनिटे आधी मावळतो आणि इंदापूरचा साडेचार मिनिटांच्या आसपास. तो उगवतोही तितकाच आधी. म्हणून इफ्तार लवकर होते हे खरे, पण सहेरीही लवकर आटपावी लागते. ही दुसरी बाजू लक्षात आली की मूल एकदम जबाबदार होते. उद्या पहाटे त्याने चुकीचा आकडा सांगितला तर साऱ्या घराचा रोजा अडचणीत येणार असतो. शाळेतल्या गणिताला असा धाक क्वचितच असतो.

घरकाम म्हटले की आपल्याला केरवारा, भांडी, धुणे एवढेच आठवते. पण घर चालवण्यात मोजणे, तोलणे, वाटणे, लक्षात ठेवणे, अंदाज बांधणे हेही येते, आणि रमजानच्या महिन्यात ते दुपटीने येते. मुलांना या कामांत घेतले तर महिनाभर घरातच एक शाळा भरते. मुलांवर रोजा बंधनकारक नाही. वयात येईपर्यंत त्यांना सूट आहे. तरी सहेरीला उठायचा हट्ट बहुतेक मुले करतात. दुपारपर्यंतचा ‘अर्धा रोजा’ ठेवून मिरवणारी मुले गल्लोगल्ली दिसतात. त्यांचा हा उत्साह कामाला लावायचा, इतकेच.

फित्र्याचेच पाहा. ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचे हे दान माणशी मोजले जाते. घरातल्या प्रत्येकाचे, अगदी लहानग्याचेही. त्याचे मूळ माप ‘साअ’. अरबस्तानातले हे माप वजनाचे नसून पायलीसारखे भरून मोजायचे आहे. खजूर किंवा जव असेल तर एक साअ आणि गहू असेल तर अर्धा साअ, असा हनफी पंथाचा हिशेब. अर्धा साअ गहू म्हणजे नेमके किती, यात उलेमांचे आकडे थोडे वेगळे पडतात. साधारण पावणेदोन ते दोन किलो धरतात. समजा घरात सहा माणसे आहेत, माणशी दोन किलो आणि गव्हाचा भाव पस्तीस रुपये. बारा किलो, चारशेवीस रुपये. तिसरीतले पोरही हे करील. पण त्याला बाजारात नेऊन भाव त्यालाच विचारायला लावला, तर पुढचे प्रश्न तेच काढते. बापू दुकानदाराचा भाव वेगळा आणि मोंढ्यातला वेगळा का? लोकवन धरायचा की साधा? आपण खातो तो धरायचा की स्वस्तातला? हा शेवटचा प्रश्न गणिताचा नाही, आणि त्याचे उत्तर आईवडिलांनाही पटकन देता येत नाही.

मोठ्या मुलांना जकातीचा हिशेब द्यावा. वर्षभर हाती राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. मर्यादा साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा आणि सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा. त्यामुळे साडेबावन्न तोळ्यांचे ५२५ ग्रॅम होत नाहीत, ६१२.३६ ग्रॅम होतात. ही चूक मोठी माणसेही करतात. आठवी-नववीतल्या मुलीने आईच्या दागिन्यांची यादी करून हा हिशेब मांडला तर शेकडेवारी आणि एककांचे रूपांतर हे दोन धडे पक्के होतात. शिवाय घरात नेमके किती आहे आणि किती नाही हेही तिला कळते. आपल्याकडे मुलांपासून पैशाची गोष्ट लपवण्याची रीत आहे. पुढे कर्ज, हप्ता, भिशी यांत ती अडखळतात याचे एक मूळ तिथे असावे.

बारामती-इंदापूरच्या मुस्लिम घरांना घरातून शिकणे नवीन नाही. बागवान, तांबोळी, आतार, मणियार, शिकलगार, पिंजारी ही आडनावेच सांगतात की घर हीच कार्यशाळा होती. फळाच्या गाड्यावर उभा राहणारा बागवानांचा मुलगा पाव किलो द्राक्षे, दीड किलो पेरू आणि तीन डाळिंबांचा हिशेब कागदाला हात न लावता सांगतो. तोच मुलगा वर्गात अपूर्णांकांच्या गणिताला घाबरून बसतो, असा अनुभव शिक्षक नेहमी सांगतात. त्याला येते ते शाळेला दिसत नाही आणि शाळा शिकवते ते त्याला ओळखू येत नाही. ‘दीड किलो म्हणजेच तीन छेद दोन’ एवढे एक वाक्य कोणीतरी मधे उभे राहून सांगायला हवे असते. ते आई सांगू शकते, थोरली बहीण सांगू शकते.

इफ्तारच्या फळांचे ताट हाही एक नकाशाच असतो. डाळिंब, पेरू, केळी, द्राक्षे याच दोन तालुक्यांतली. उजनीचे पाणी आणि नीरेचा कालवा नसता तर या पर्जन्यछायेच्या मुलखात यातले किती पिकले असते, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला, उजनी धरण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झालेले. ताटातला खजूर मात्र समुद्र ओलांडून आलेला असतो. इराकचा, इराणचा, सौदीचा. खोक्यावर देशाचे नाव छापलेले असते, मुलाने ते वाचून नकाशात शोधावे.

पाण्याचे काम मात्र मुलांकडे आवर्जून द्यावे. बारामतीच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. शहरातल्या नळाला ती सांगावी लागते. नमाजाआधी वजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय धुतात. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एका ‘मुद’ पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद म्हणजे साअचा चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण लिटरच्या आत. फित्र्याचेच माप इथे पुन्हा भेटते. आता नळ सोडून केलेल्या वजूचे पाणी खाली बादली ठेवून मुलाला मोजायला सांगा. कित्येक लिटर भरते. तेच पाणी तांब्यात घेऊन केले तर दीडदोन तांब्यांत भागते. घरात पाच माणसे, दिवसाला पाच नमाज, महिन्याचे तीस दिवस. हा गुणाकार मूल स्वतः करते आणि दुसऱ्या दिवशी नळाजवळ पहारा देत उभे राहते. मोठ्यांची जरा पंचाईत होते, पण ती सोसावी.

ताट कुणाच्या घरी जाते

संध्याकाळी इफ्तारच्या आधी शेजारी ताट पाठवण्याची पद्धत आहे. हे काम नेहमीच मुलांचे. भजी, फळांच्या फोडी, समोसा, वाटीत शरबत नाहीतर खीर, वरून रुमाल. काम वाटते सोपे, पण त्यात जितके शिकणे आहे तितके घरातल्या दुसऱ्या कुठल्या कामात नसेल.

समोरच्या काकूंची आज एकादशी आहे, तेव्हा फळेच द्यायची, भजी उद्या. कोपऱ्यावरच्या जैन घरात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणजे आपण ज्या घटकेला खायला बसतो, त्या घटकेला त्यांचे खाणे थांबते. त्यांचे ताट अर्धा तास आधी गेले पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना साखर वर्ज्य आहे. शाकाहारी घरासाठी समोशाचे तेल वेगळे, झारा वेगळा. ही सारी यादी दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विविधतेवर धडा असतो आणि त्याखाली रिकाम्या जागा भरायच्या असतात. इथे रिकामी जागा चुकली तर शेजाऱ्याचा उपास मोडतो.

ताट परत येते तेही रिकामे येत नाही. मूठभर साखर, दोन केळी, काही नसले तर घरातला गूळ. रिकामे भांडे परत देऊ नये ही रीत काकूंकडेही तीच आणि अम्मीकडेही तीच. मुले ती कोणी न सांगता शिकतात. दिवाळीत फराळाचे ताट उलट दिशेने चालत येते तेव्हा त्यांना ते आठवते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. तेव्हा वारकऱ्यांना पाण्याचे ग्लास भरून देणाऱ्या पोरांत सगळ्याच गल्ल्यांतली पोरे असतात. ग्लास विसळून पुन्हा रांगेत कसे लावायचे हे त्यांनी कुठे ना कुठे घरी शिकलेले असते.

झारा फक्त मुलीच्याच हाती का?

इथवर सगळे गोड आहे. आता अवघड गोष्ट.

रमजानात सहेरीसाठी पहाटे चारला आधी आई उठते. तिच्याबरोबर बहुतेक वेळा थोरली मुलगी. मुलगे आणि त्यांचे वडील सहेरी संपायला वीस मिनिटे उरली की हाका मारून उठवले जातात. संध्याकाळी असरच्या नमाजानंतर पुन्हा तेच. मुलगी कढईपुढे, मुलगा मशिदीत किंवा क्रिकेटला. इफ्तार झाल्यावर ढीगभर भांडी, आणि मग तरावीहच्या नमाजाला पुरुष मंडळी निघून जातात. गेली काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आहे. दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच दिवसांत. उपाशीपोटी कढईपुढे उभे राहून संध्याकाळचा अभ्यासाचा वेळ घालवणारी मुलगी आणि खोलीचे दार लावून अभ्यास करणारा तिचा भाऊ, हे दृश्य फार घरांत आहे. आणि ते केवळ मुस्लिम घरांत नाही. गौरी-गणपतीत, दिवाळीत, लग्नसराईत शेजारच्या घरांतही तेच असते. घरकामातून शिक्षण मिळते हे वाक्य जर फक्त मुलींना ऐकवले जात असेल, तर ते शिक्षण नव्हे, ती नुसती राबणूक.

याला धर्माचा आधार शोधणाऱ्यांनी हजरत आयेशांना विचारलेला प्रश्न आठवावा. प्रेषित (स.) घरात असताना काय करीत, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजाची वेळ झाली की उठून जात. इतर रिवायतींत ते स्वतःची पादत्राणे सांधत, कपडे शिवत, शेळीचे दूध काढत असे येते. जात्यावर दळून हजरत फातिमांच्या हातांना घट्टे पडले होते, याचीही नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. घरकाम हे कष्ट आहे, ते दिसते आणि मोजले जाते, एवढे तरी त्यातून घ्यायला हरकत नाही. मुलाने कणीक मळली तर कुणाचा रोजा तुटत नाही.

महाराष्ट्राने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. त्या काळात दुसऱ्या जातीच्या मुलाच्या हातची भाकरी खाणे हाच केवढा धडा होता. त्यातली बहुतेक सगळी मुले म्हणजे मुलगे होते, हे आज मुद्दाम सांगायला हवे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पत्रावळ लावायला शिकण्यावर एक अख्खी रात्र खर्ची पडली आहे, तीही मुलाच्याच शिकण्यावर.

आणि वर्ध्याचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. हाताच्या कामातून सारे विषय शिकवावेत, सूत कातताना गणित, इतिहास, भूगोल यावा, अशी ही नयी तालीमची कल्पना. तिचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे कुलगुरू डॉ. झाकीर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट लिहिणारा हा माणूस मुलांच्या बाजूने किती जागा होता, हे त्या परिषदेतच दिसले. शिक्षणाने आपला खर्च आपणच काढावा यावर फार भर दिला तर शिक्षक मुकादम बनतील आणि गरिबांच्या पोरांचे श्रम ओरबाडले जातील, असा इशारा त्यांनी गांधीजींसमोर दिला. तसे झाले तर टकळी पुस्तकाहून वाईट ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. आणि तरीही गांधीजींनी काम त्यांच्याकडेच सोपवले. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आजही त्या वाटेने चालते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथेही मुले हाताने काम करता करताच शिकतात.

झाकीर साहेबांचा तो इशारा बारामती-इंदापुरात पुस्तकात शोधायला नको. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात, उसाच्या फडांशेजारी पालांच्या रांगा लागतात. बीड आणि इतर जिल्ह्यांतून तोडीला आलेली ही कुटुंबे. पहाटे आई-बाप फडात जातात आणि पालावर आठ-दहा वर्षांची मुलगी राहते. ती धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, चूल पेटवते, भाकरी थापते. इफ्तारचे ताट नेणाऱ्या मुलीहून ती जास्त कामे जाणते. पण तिचे दप्तर गावाकडे राहिलेले असते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, तरी अशी मुले फडात दिसायची थांबलेली नाहीत. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही कामाला लावायला बंदी आली, मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत करायला मुभा राहिली. ‘शाळा सुटल्यावर’ हे दोन शब्द त्यात महत्त्वाचे आहेत. पालावरच्या मुलीची शाळा भरतच नाही, मग ती सुटणार कधी?

म्हणून घरातही काम देताना हे मनाशी धरावे की कामामुळे अभ्यास, खेळ, झोप यांतले काही बुडत असेल तर त्या कामाला शिक्षण म्हणू नये. उकळत्या तेलाजवळ लहान मूल नको. थोरली मुलगी परीक्षेला असेल तर त्या महिन्यात तिची पाळी भावाकडे द्यावी. वर्षभर तिने त्याच्या पाळ्या केलेल्या असतातच.

आणि चूक झाली तर? मूल पाणी सांडते, मीठ दोनदा टाकते, दूध उतू घालवते. हजरत अनस (र.) लहानपणी दहा वर्षे प्रेषितांच्या (स.) घरी कामाला होते. हे का केलेस, ते का केले नाहीस, असे त्या दहा वर्षांत एकदाही ऐकावे लागले नाही, अशी त्यांची आठवण हदीसमध्ये आहे. दिवसभराच्या उपासानंतर, अजानला पाच मिनिटे उरलेली असताना सांडलेल्या शरबताकडे पाहून गप्प राहणे सोपे नाही. पण पाणी कुठून कुठे वाहत गेले, फरशीचा उतार कोणत्या बाजूला आहे, हे त्या मुलाने त्या दिवशी पाहून ठेवलेले असते. पुसायचे फडकेही त्यालाच द्यावे.

महिना संपत आला की मुले गच्चीवर चढतात. एकोणतीस की तीस, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने फार मोठा असतो. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरसाल मागे सरकतो. २०१७-१८ मध्ये तो मे-जूनच्या उन्हात होता, आता मागे येत येत थंडीकडे निघाला आहे. २०३० या एकाच वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीला. आज चौथीत असलेल्या मुलाला हे कॅलेंडर मांडून दाखवायला सांगितले तर तो तेव्हा आपण कितवीत असू तेही त्यात लिहून टाकतो.

चाँदरातीला फित्र्याची वही पुन्हा उघडते. सहा माणसे, बारा किलो, चारशेवीस रुपये. तेवढ्यात कुणीतरी विचारते, भाभीचे बाळ परवाच झाले, त्याचे धरायचे का? ईदची पहाट उजाडण्याआधी जन्मलेले बाळ मोजायचे असते, आजी सांगते. मुलगी सहाचा आकडा खोडून सात करते आणि चारशेनव्वद लिहून वही भावाकडे तपासायला देते.